क्रेडिट रिस्क फंड : लांब पल्ल्याचा परतावा खरा धरायचा का? (मदत हवी आहे, उद्या सही आहे)

पूर्णाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. थेट विचारतो. अण्णांच्या नावावर १८ लाख बँकेत पडून आहेत. बँकेतला माणूस क्रेडिट रिस्क फंड (कमी पतमानांकनाच्या कंपन्यांना कर्ज देणारा म्युच्युअल फंड) घ्या म्हणून तीन आठवडे मागं लागलाय. "एफडीपेक्षा दोन टक्के जास्त, महिन्याला १३ हजार खात्यात, मुद्दलाला हात नाही" असं सांगायलाय. मोबाईलवर ३ आणि ५ वर्षांचे आकडे दाखवले, चांगले दिसले. १० वर्षांचा बराच कमी दिसला. का म्हणून विचारलं तर म्हणला, "तो कोरोनाचा काळ, सोडून द्या."
मला एवढंच सांगा, लांब पल्ल्यात हे फंड एफडीच्या वर राहतात का नाही? उद्या ११ वाजता सहीला बोलावलंय. "बाजार जोखमीच्या अधीन" मला पाठ आहे, ते लिहू नका.

मोंढ्यातला_आडत्या
कोणता फंड? डायरेक्ट (थेट फंडाकडून) का रेग्युलर (एजंटामार्फत)? ग्रोथ (नफा फंडातच राहणारा) का दर महिन्याला वाटप? अण्णांचं वय? पैसा कधी लागणार? यातलं एकही लिहिलं नाही, आणि उत्तर हो-नाहीत पाहिजे.

निवृत्त_डाकपाल
फंडाच्या नादी कशाला लागता? पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजना, ८.२ टक्के, ३० लाखांपर्यंत चालतं. दर तिमाहीला व्याज. विषय संपला.

पूर्णाकाठ
डाकपाल काका, अण्णा ५७ चे आहेत आणि शेतकरी. ६० पूर्ण झाल्याशिवाय खातं होत नाही, मी विचारून आलो. पोस्टाबद्दल विचारलंच नव्हतं.

निवृत्त_डाकपाल
वय लिहिलं असतं तर मी तरी कशाला लिहिलं असतं! मग मासिक प्राप्ती योजना बघा. आईसोबत संयुक्त खातं केलं तर १५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० रुपये. १३ हजार नाहीत, पण झोप लागेल.

बीडवाली_ताई
जास्त व्याज म्हणलं की मला धडकी भरते. आमच्याकडं एका मल्टिस्टेट पतसंस्थेनं १२-१३ टक्क्यांवर सगळ्या गल्लीचा पैसा गोळा केला. आत्याचे साडेचार लाख अडकले. शटरला कुलूप, पायरीवर बाया बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. आत्या अजून ते पासबुक देव्हाऱ्यामागं ठेवते. भाऊ, सही करू नका.

नफातोटा
ताई, दुःख कळतं, पण दोन्हींची गल्लत नको. फंडाचे रोखे कस्टोडियनकडं (सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडं) असतात, वर सेबी ही बाजार नियामक आहे, एनएव्ही म्हणजे युनिटचा भाव रोज जाहीर होते. संचालक पैसे घेऊन पळतील ही भीती इथं नाही. भीती वेगळी आहे : ज्या कंपन्यांना फंडानं कर्ज दिलंय, त्या बुडाल्या तर?
नियमानं या फंडात किमान ६५ टक्के रक्कम एए किंवा त्याखालच्या पतमानांकनाच्या (सगळ्यात वरचं एएए) कंपनी रोख्यांत ठेवावी लागते. जास्त व्याज येतं ते त्या धोक्याचं भाडं.

मोंढ्यातला_आडत्या
पतमानांकनावर तरी किती विसंबायचं? आयएलअँडएफएस ही रस्ते-पुलांना पैसा पुरवणारी मोठी कंपनी सप्टेंबर २०१८ मध्ये बुडाली, त्याच्या महिना-दोन महिने आधी तिला एएए होतं. आमच्याकडं उधारी चेहरा बघून देतात, तरी बुडते.

हिंजवडीतून
भारतात इतिहास छोटा आहे. अमेरिकेत बघा. व्हॅनगार्ड या तिथल्या फंड कंपनीचा हाय यील्ड (जास्त व्याजाच्या, कमी पतमानांकनाच्या रोख्यांचा) फंड १९७८ पासून चालू आहे. २००८ मध्ये साधारण २१ टक्के पडला, २००९ मध्ये ३९ टक्के चढला. बसून राहिलेल्याला व्याजानं तारलं. माझ्या मते १० टक्के रक्कम अशा फंडात, बाकी इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या मागं चालणाऱ्या).

मोंढ्यातला_आडत्या
पूर्णा तालुक्यातल्या माणसाला व्हॅनगार्ड! आणि २००८ च्या दिवाळीत पोरीचं लग्न निघालं असतं तर बसून कसा राहिला असता?

हिंजवडीतून
लांब पल्ल्याचं विचारलंय म्हणून लांब पल्ल्याचं सांगितलं.

नफातोटा
मूळ प्रश्नाकडं येतो, कारण पूर्णाकाठ यांनीच मोक्याची गोष्ट लिहिली आणि सोडून दिली. ३-५ वर्षांचा आकडा चांगला, १० वर्षांचा कमी, असं का?
एक तर, ५ वर्षांच्या आकड्यातून कोरोनातला एप्रिल २०२०, म्हणजे पडझडीचा काळ, बाहेर पडलाय. उलट मोजायची सुरुवातच पडलेल्या भावापासून होते. दुसरं, बुडीत म्हणून शून्यावर आणलेल्या रोख्यांची वसुली नंतर झाली की एनएव्ही एका दिवसात उडी मारते. ती उडी आकड्यात दिसते, पण तुमच्या वाट्याला पुन्हा येईलच असं नाही. तिसरं, बंद झालेल्या योजना आजच्या यादीत नसतात, म्हणून वर्गाची सरासरी उजळ दिसते.
फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीनं २३ एप्रिल २०२० ला सहा योजना एकदम बंद केल्या, २५ हजार कोटींच्या. "क्रेडिट रिस्क" हे शब्द त्यातल्या एकाच योजनेच्या नावात होते. पुढं लोकांना त्या दिवशीच्या मूल्यापेक्षा जास्तच मिळालं, पण पहिला मोठा हप्ता फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधले दहा महिने दवाखाना आला तरी हात बांधलेले.
आता हिशोब. फंड नऊ वर्षं ८ टक्के देतो आणि एका वर्षी १० टक्के पडतो. दहा वर्षांचं वार्षिक किती? ६.०५ टक्के. नऊ चांगली वर्षं, तरी एफडीच्या आसपासच. म्हणून "वर राहतात का" याला माझं उत्तर : काही दहा वर्षांत हो, काहींत नाही, आणि फरक एका वाईट वर्षाचा.

पूर्णाकाठ
हे कामाचं. कागद काढून बघितला, "रेग्युलर, आयडीसीडब्ल्यू, मासिक" असं लिहिलंय. डायरेक्ट म्हणून काही असतं हे तो बोललाच नाही. आणि मुद्दल शाबूत राहतं हे तरी खरं का?

नफातोटा
आयडीसीडब्ल्यूचा अर्थच उत्पन्न वाटप आणि भांडवल काढून देणे. पूर्वी लाभांश म्हणायचे, गैरसमज व्हायचा म्हणून २०२१ मध्ये सेबीनं नाव बदललं. वाटप झालं की तेवढी एनएव्ही उतरते. महिना १३ हजार म्हणजे वर्षाला १,५६,०००, १८ लाखांवर ८.६७ टक्के. फंडानं ७ टक्केच कमावले तर १,२६,०००. वरचे ३० हजार अण्णांच्याच खिशातून काढून अण्णांना. शिवाय १३ हजार कुणी बांधून दिलेले नसतात, कमी-जास्त होतात. रेग्युलरमध्ये त्या माणसाचं कमिशन दरवर्षी खर्चात धरलेलं असतं.

हिंजवडीतून
कराचंही बघा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा (कर्जरोख्यांच्या फंडाचा, हाही त्यातलाच) नफा कितीही वर्षांनी काढा, तुमच्या स्लॅबनं लागतो. जुन्या माणसांना इंडेक्सेशन (महागाई वजा करून उरलेल्या नफ्यावर कर) मिळायचं. त्यांचा हातात पडलेला परतावा तुम्हाला तसाच मिळणार नाही.

गोदाकाठचा_पक्या
पैसा आला कुठून पण? रस्त्याचा मावेजा का? तुमच्याकडं एकरी किती मिळाला? आमच्या गावात अजून मोजणीच सुरू आहे.

पूर्णाकाठ
हो, मावेजाच. म्हणून तर जीव खालीवर होतोय. जमीन गेली, आता हेच वावर.

मोंढ्यातला_आडत्या
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मावेजा असेल तर पलीकडच्या तालुक्यात जमीन घ्या.

गोदाकाठचा_पक्या
जमिनीचे भाव आता त्याच पैशानं वर गेलेत, आडते भाऊ. दोन एकर विकली तर एक येत नाही.

बीडवाली_ताई
अण्णांना विचारलं का पण कुणी?

पूर्णाकाठ
विचारलं आत्ताच. नफातोटा यांचा ३० हजारांचा हिशोब वाचून दाखवला. ते म्हणले, "म्हणजे माझ्याच बैलानं माझंच शेत चरायचं?" उद्याची सही थांबवली. १५ लाखांचं पोस्टाचं बघतो, फॉर्मवर आईचा फोटो लागतो का डाकपाल काका?
बाकी, एकरी दर विचारायला व्यनि (खासगी निरोप) करू नयेत. आतापर्यंत चार आले.

निवृत्त_डाकपाल
दोघांचेही लागतात. आधार-पॅनच्या प्रती घेऊन या, आणि दुपारी दोनच्या आधी या, नंतर सर्व्हर बसतो.