मदत हवी आहे: मोटरवर चालणारा सर्जिकल स्टेपलर अर्ध्यात अडकला, तर फर्मवेअरने नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात चार जणांच्या एका छोट्या टीममध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्राम, लिहितो. पोटाच्या आणि छातीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वापरतात त्या लिनिअर स्टेपलरचं बॅटरीवर चालणारं हँडल आम्ही बनवतोय. अजून सगळं काम टेबलावरच आहे, माणसाच्या जवळपासही गेलेलं नाही. पण मागच्या आठवड्यात टेबलावर जे झालं त्याने झोप उडाली आहे, म्हणून हा धागा. मोटर कंट्रोलवाले, सर्जन, ओटीत काम करणारे, सगळ्यांनी बोला.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लांब नळीच्या टोकाला दोन जबडे असतात. खालच्यात रीलोड म्हणजे पिनांचं कार्ट्रिज बसतं, वरच्याला अॅनव्हिल म्हणतात. जबडे मिटले की मधला अवयव दाबला जातो. मग फायर केलं की एक पाचरीसारखा स्लेड पुढे सरकत पिना वर ढकलतो, त्या अॅनव्हिलच्या खळग्यांत वळून बी अक्षराच्या आकाराच्या होतात, आणि मागोमाग सुरी मधून कापत जाते. दोन्ही बाजूंना पिनांच्या रांगा, मध्ये काप. हाताने चालवायच्या स्टेपलरमध्ये हे सगळं सर्जन मूठ आवळून करतो. आमच्याकडे ते मोटर, गिअरबॉक्स आणि लीडस्क्रू (फिरला की सुरी पुढे-मागे सरकवणारा आटेदार दांडा) करतात.

सेटअप असा: ब्रश्ड डीसी मोटर, २०:१ प्लॅनेटरी गिअर, २ मिमी लीडचा स्क्रू. सीआर१२३ए जातीचे चार लिथियम सेल एकापुढे एक, म्हणजे नाममात्र १२ व्होल्ट. मोटरच्या मागे एन्कोडर, म्हणजे ती किती फिरली ते मोजणारा सेन्सर; मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर करंट मोजायचा शंट. रीलोड ६० मिमीचं.

आता झालेला प्रकार. मटणाच्या दुकानातून बोकडाची वजडी आणली होती. तिची दुहेरी घडी जबड्यात धरून निळं रीलोड (रंगावरून पिनांची उंची कळते) लावलं आणि फायर केलं. ३८ मिमीपर्यंत सुरी ठीक गेली. तिथे वजडीची जाड घडी आली, करंट चढत चढत आम्ही ठरवलेल्या मर्यादेला भिडला. फर्मवेअरमध्ये मी लिहिलं होतं की मर्यादा ओलांडली की लगेच उलटं फिरून सुरी मागे घ्यायची. मोटर उलटी फिरायला लागली आणि त्याच क्षणी प्रोसेसर रीसेट झाला. व्होल्टेज पडलं असावं. प्रोसेसर परत उठला आणि उठल्यावर त्याने होमिंग, म्हणजे सुरीची शून्याची जागा शोधणं, सुरू केलं. आमचं होमिंग आधी ४ मिमी पुढे जाऊन बॅकलॅश, म्हणजे गिअरमधली ढिलाई, काढतं आणि मग मागे येऊन शून्याचा स्विच शोधतं.

म्हणजे बटणावर कोणाचंही बोट नसताना सुरी चार मिलिमीटर पुढे गेली. मी पाहत होतो. माझा सहकारी चिमट्याने वजडीची कड धरून उभा होता, त्याचा हात जबड्यापासून दोन बोटांवर होता. त्याला काही झालं नाही. वजडी मात्र तेवढी जास्त कापली गेली, आणि त्या चार मिलिमीटरमधल्या पिना अर्धवट वळलेल्या निघाल्या. बोटाने नुसतं ओढलं तर कड उघडली.

ती उघडलेली कड पाहिल्यापासून मला चैन नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि उपकरणांच्या नियामक संस्थेने २०१९ मध्ये डॉक्टरांना पत्र काढलं होतं. त्यानुसार २०११ ते मार्च २०१८ या काळात पोटात-छातीत वापरायचे स्टेपलर आणि पिना यांच्याबद्दल ४१,००० हून अधिक तक्रारी आल्या होत्या, त्यांत ३६६ मृत्यू आणि ९,००० हून अधिक गंभीर इजा. पिनांची रांग उघडणं, पिना नीट न वळणं, फायर न होणं हेच त्यात वारंवार येतं. २०२१ मध्ये त्यांनी हे उपकरण कमी धोक्याच्या पहिल्या वर्गातून जास्त कडक नियमांच्या दुसऱ्या वर्गात टाकलं. तक्रारींचे आकडे म्हणजे सगळा दोष यंत्राचाच असं नाही, हे मला कळतं. पण त्या यादीतली एक ओळ मी माझ्या टेबलावर घडताना पाहिली.

माझे प्रश्न:

पहिला आणि सगळ्यात मोठा. मी आधी पंपाच्या कंट्रोलरवर काम करायचो. तिथे काही बिघडलं की वीज तोडायची, संपलं. इथे वीज तोडली तर स्क्रू स्वतःहून मागे फिरत नाही, म्हणजे सुरी अर्ध्यात आणि जबडे एखाद्या रक्तवाहिनीवर मिटलेले. मागे घेतली तर पुढचा भाग न शिवलेला. रेटून पुढे नेली तर पिना वाकड्या. मग या यंत्राची सुरक्षित अवस्था म्हणायची तरी कोणती?

दुसरा. स्ट्रोकच्या (सुरीच्या पूर्ण प्रवासाच्या) शेवटी सुरी अडते तेव्हाही करंट चढतो, जाड टिश्यूतही चढतो, मध्ये धातूची क्लिप आली तरी चढतो. यातला फरक कसा ओळखायचा?

तिसरा. व्होल्टेज एवढं का पडलं? सेल नवे होते. त्या दिवसाचं ते पाचवं फायरिंग होतं, एवढंच.

– पाचर

---

सोलापुरी_सर्जन:

पाचर, हे उघडपणे लिहिलंत ते बरं केलंत. माझ्यापुरतं उत्तर देतो, मी लॅप (दुर्बिणीची) आणि बेरिअॅट्रिक (वजन कमी करायची) ऑपरेशनं करतो.

पहिली गोष्ट, माझं बोट बटणावर नसताना यंत्राने एक मिलिमीटरही हलायचं नाही. पुढे नाही, मागेही नाही. बॅटरी बदलली, रीसेट झाला, काहीही झालं तरी. उठल्यावर त्याने गप्प बसायचं आणि मला सांगायचं की मी कुठे आहे हे मला माहीत नाही.

तुमचा ‘लगेच मागे घ्या’ हा निर्णय माझ्या वतीने यंत्राने घेतलेला मला चालणार नाही. समजा फुफ्फुसाची शीर जबड्यात आहे आणि सुरी मध्ये अडली. त्या वेळी मिटलेले जबडे हाच माझा क्लँप असतो. मी आधी वरच्या बाजूने शीर ताब्यात घेणार, सक्शन तयार ठेवणार, भूल देणाऱ्यांना सांगणार, आणि मग सुरी मागे घेऊन जबडे उघडणार. म्हणून अडला की थांबा आणि धरून ठेवा. पुढे हळू प्रयत्न करायचा की मागे घ्यायचं ते मी ठरवीन. दोन्हीसाठी वेगळं बटण, वेगळं बोट.

आणि थांबला की सुरी किती गेली ते दाखवा. हँडलवर पाच दिवे असले तरी पुरे. अर्ध्यात सोडलं तर दुसरं रीलोड कुठून लावायचं हे त्यावरून ठरतं.

हाताच्या स्टेपलरमध्ये टिश्यू जाड आहे हे मुठीला कळतं. मोटरने हात थरथरत नाही, टोक हलत नाही, हा मोठा फायदा आहे, पण ते कळणं जातं. ते तुम्हाला परत द्यावं लागेल, मोटरचा वेग कमी करून, आवाज बदलून, कसंही. जाड भागात वेग कमी केला की टिश्यूतलं पाणी बाजूला सरायला वेळ मिळतो आणि जोरही कमी लागतो. आम्ही जबडे मिटल्यावर १५ सेकंद थांबतो ते त्यासाठीच.

शेवटचं, वजडीवर निष्कर्ष काढू नका. दुकानात मिळते ती बहुतेक जनावराच्या पहिल्या कप्प्याची असते, आतून खरखरीत, आणि चुन्याने किंवा गरम पाण्याने साफ केलेली. माणसाच्या जठराशी तिचं जमत नाही. डुकराचं ताजं जठर घ्या. आणि दुहेरी घडीवर निळं लावलंत तिथेच चूक आहे. निळी पीन वळल्यावर साधारण दीड मिलिमीटरची होते, हिरवी दोनची. स्लीव्हच्या, म्हणजे जठर कापून अरुंद करायच्या, ऑपरेशनमध्ये जठराच्या खालच्या टोकाला भिंत जाड असते म्हणून आम्ही तिथे हिरवं किंवा काळं लावतो आणि वर फंडसकडे, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाकडे, भिंत पातळ होते तसं उतरत जातो. रीलोड चुकलं तर तुमची मोटर कितीही शहाणी असली तरी पीन वळणार नाही.

---

कॉइलवाला:

नाशिकहून. मी औद्योगिक मोटर ड्राइव्हवर काम करतो, वैद्यकीय उपकरणांवर नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. मर्यादा ओलांडल्यावर तुम्ही *लगेच* उलटं फिरवता. तेव्हा मोटर पूर्ण थांबलेली नसते. फिरत्या मोटरचा बॅक-ईएमएफ, म्हणजे फिरताना ती स्वतः तयार करते ते व्होल्टेज, एरवी सप्लायच्या विरुद्ध असतो, ध्रुव उलटे केले की तो सप्लायमध्ये मिळवला जातो. मग करंट जॅम मोटरपेक्षाही वर जातो. छोट्या लिथियम सेलचा अंतर्गत रोध, त्यात चार एकापुढे एक, त्यात पाठोपाठ पाच फायरिंग. व्होल्टेज कोसळणारच. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून पाहा, दिसेल.

उपाय: आधी ब्रेक, म्हणजे मोटरची दोन्ही टोकं ड्रायव्हरमधूनच शॉर्ट करा. एन्कोडर शून्य वेग दाखवेपर्यंत थांबा. मग उलट दिशेला पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद करून दिलेली वीज) हळूहळू चढवा. प्रोसेसरचा सप्लाय डायोडने वेगळा करून त्याच्यामागे कपॅसिटर द्या. तुमचा प्रोसेसर २० मिलिअँपिअर खात असेल आणि १ व्होल्ट पडू देणं परवडत असेल, तर १००० मायक्रोफॅरडवर ५० मिलिसेकंद निघतात. तेवढ्यात एन्कोडरची स्थिती न पुसणाऱ्या मेमरीत लिहून होते.

बटणाबद्दल डॉक्टर म्हणतात ते फर्मवेअरवर सोडू नका. ट्रिगरचा दुसरा कॉन्टॅक्ट थेट ड्रायव्हरच्या एनेबल, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या, पिनवर घ्या. प्रोसेसर वेडा झाला तरी बोट नसेल तर मोटरला वीज नाही. करंटची कमाल मर्यादाही ड्रायव्हरमध्ये हार्डवेअरची वेगळी ठेवा, सॉफ्टवेअरची त्याच्या खाली.

दुसरा प्रश्न. नुसता करंट बघू नका, करंट आणि जागा एकत्र बघा. स्ट्रोकचा शेवट कुठे येणार हे तुम्हाला एन्कोडरवरून ठाऊक आहे. अपेक्षित जागी करंट चढला तर शेवट. आधी चढला तर चढण बघा: टिश्यूत ती काही मिलिमीटरमध्ये हळू वाढते, धातू आला तर अर्ध्या मिलिमीटरमध्ये भिंतीसारखी उभी. चढण वेळेवर न मोजता अंतरावर मोजा, नाहीतर वेग बदलला की सगळे आकडे बदलतील. मोटर सुरू होतानाचा झटका गाळायला विसरू नका.

आणि एक विचारतो: रिकामं किंवा वापरलेलं रीलोड असताना सुरी पुढे जाऊ नये म्हणून यांत्रिक लॉक असेल ना? हाताने चालवताना माणसाला तो लागतो आणि तो थांबतो. मोटर तो वाकवून पुढे जाईल. पहिल्या काही मिलिमीटरला करंटची मर्यादा अगदी खाली ठेवा.

---

ओटीतली_ताई:

वीस वर्षं ओटीत आहे. इंजिनिअरिंग कळत नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हाताने सोडवायची सोय आहे का? बॅटरी मेली, मोटर जळली, तर सुरी मागे कशी घ्यायची? अशी सोय ज्यात असते त्यात झाकण काढून आत लिव्हर असतो. ते झाकण रक्ताने ओल्या ग्लोव्हजनी उघडता यायला हवं. टेबलावर कोरड्या हातांनी करून पाहू नका. दोन ग्लोव्हज घाला, हात सलाइनमध्ये बुडवा, दिवे मंद करा, मग करा. दुर्बिणीच्या वेळी ओटीत अंधार असतो.

दुसरं, बीप. मॉनिटर वाजतो, कॉटरी (विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र) वाजते, सिरिंज पंप वाजतो. त्यात आणखी एक तसाच बीप नको. अडकल्याचा आवाज संपल्याच्या आवाजापेक्षा वेगळा हवा, न बघता कळेल असा.

रीलोड देताना आम्ही रंग आणि लांबी मोठ्याने म्हणतो, सर्जन परत म्हणतात, मगच हातात जातं. हँडलला रंग ओळखता आला तर फार बरं, पण आमचं म्हणणं त्याने थांबायला नको.

---

पाचर:

तिघांचेही मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितोय कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कॉइलवाला दादा, तुम्ही बरोबर होतात. स्कोपवर उलट फिरवण्याच्या क्षणी बॅटरी ३.१ व्होल्टपर्यंत पडलेली दिसली. आता ब्रेक, थांबा, मग हळू चढ असं केल्यावर त्याच अडथळ्यावर ८.६ च्या खाली जात नाही. एनेबल पिन ट्रिगरच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टवर घेतली. होमिंग पूर्ण काढून टाकलं. रीसेट झाल्यावर हँडल आता फक्त दिवा लावून थांबतं, आणि मागे घ्यायचं बटण दाबून धरलं तरच, तेही फक्त मागे, हलतं. यांत्रिक लॉक आमच्याकडे आहे, आणि जुन्या मर्यादेने मोटरने तो खरंच वाकवला. काढून पाहिला तेव्हा त्याच्या जिभेवर चकचकीत ओरखडा होता. पहिल्या ५ मिमीला मर्यादा एक तृतीयांश केली आहे.

डॉक्टर, डुकराचं जठर मिळालं. खालच्या भागावर हिरवं लावून नऊ फायरिंग केली, सगळ्या पिना भिंगाखाली पाहिल्या, आकार नीट आहे. नऊ म्हणजे काहीच नाही, हे माहीत आहे. धोक्यांच्या यादीत आता ‘थांबून धरणे’ हीच मूळ अवस्था लिहिली आहे, आणि त्यापुढचं प्रत्येक पाऊल सर्जनच्या बोटाने.

ताई, तुमची चाचणी केली. दोन ग्लोव्हज, सलाइन, दिवे बंद. माझ्या सहकाऱ्याला झाकण उघडायला ४० सेकंद लागले आणि दोनदा हँडल हातातून निसटलं. त्या झाकणाला नखभर खाच होती, ती काढून आता पूर्ण बोट शिरेल असा कान देतोय. लिव्हर गिअरला स्क्रूपासून वेगळं करतो, पण ओढायला जोर जास्त लागतो, त्यावर काम चालू आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेजारी कॉटरी चालवली की एन्कोडरचे आकडे उड्या मारतात, सुरी जागची हललेली नसताना. केबल पिळून आणि शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) जोडून फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. शील्ड एका टोकाला जोडावी की दोन्ही, आणि दुसरा सेन्सर लावून जागा पडताळावी का, यावर कोणी हात घातला असेल तर लिहा. बुधवारी पुन्हा चाचणी आहे.