सीए आहे, मग वकील कशाला?

वर कोणीतरी लिहिलंय की कुडाळच्या काजू युनिटला सीए पुरतो, कंपनी-वकिलांची फर्म म्हणजे उगाच खर्च. अहो सीए रिटर्न भरेल, पण वाशीचा व्यापारी ९० दिवसांची उधारी करारात घुसवतो ते कोण वाचणार? उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे २००६च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! आणि भावाभावांची पार्टनरशिप रजिस्टर नसेल तर १९३२च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं येतं, गिऱ्हाइकावर करारावरून दावाच लावता येत नाही. सातबाऱ्यावरचं एकेक नाव तपासणारे आपले लोक इथे मात्र न वाचता सही ठोकतात, कमाल आहे. वकिलांची फर्म लहानच बघा, फी आधी ठरवून घ्या.