सत्तरीनंतर किडनीच्या तपासण्या कशाला?

निवांत_नाना: वय ७४. लॅबच्या पॅकेजमध्ये रक्त दिलं, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ५४ आला आणि रिपोर्टवर छापलं ‘सीकेडी स्टेज ३ए’, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, तिसरा टप्पा. बीपी नाही, शुगर नाही, रोज चार किलोमीटर चालतो. चाळिशीनंतर किडनीचं काम हळूहळू कमी होतंच. केस पिकले म्हणून कुणी केसांचा आजार म्हणतं का? सत्तरीपुढच्यांनी ह्या तपासण्या करूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरणभात: नाना, शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. वयाचं तुम्ही म्हणता ते खरं, पण अर्धंच. एका रिपोर्टवर सीकेडी ठरत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं. आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रोटीन तपासलंत का? एसीआर, म्हणजे त्याच अल्ब्युमिनचं प्रमाण, ३० च्या आत असेल तर ह्या ५४ चा धोका कमी, ३०० च्या वर असेल तर फार जास्त. माझ्या सासऱ्यांना ‘वयानुसार आहे’ म्हणून घरी पाठवलं होतं. लघवीला फेस यायचा, मोजे काढले की घोट्यावरचा वळ तासभर जायचा नाही. लघवी तपासेपर्यंत चार वर्षं गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. तपासू नका असं लिहिताना कोण वाचतंय ह्याचा विचार करा.

घाटमाथा: तपासणीपेक्षा नंतरचं पथ्य माणूस संपवतं, त्यावर बोला. माझी आई ३८ किलोची. निदान झाल्यावर हातात छापील कागद मिळाला: डाळ बंद, अंडं बंद, दूध अर्धा कप. ताटात भात आणि दुधी उरला. सहा महिन्यांत दंडाची कातडी लोंबायला लागली, मग बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. किडनी होती तशीच आहे. आई उठली नाही.

पाणकळा: वाईट वाटलं, पण असं वाचून लोक सगळंच पथ्य सोडतात. माझे वडील उन्हाळ्यात रोज दोन शहाळी प्यायचे, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून. शहाळ्यातलं पोटॅशियम किडनीला बाहेर टाकता येईना, रक्तात ६.८ झालं, थेट आयसीयू.

घाटमाथा: मी डाळीबद्दल बोलतोय, तुम्ही शहाळं काढलंत! डायलिसिसवर नसलेल्याला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात. ५० किलोच्या माणसाला दिवसाला ४० ग्रॅम. ‘बंद’ कुठून आलं? केडिगो ह्या किडनीच्या आजारावरच्या जागतिक संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही अशक्त, स्नायू झडलेल्या म्हाताऱ्यांना जास्त प्रोटीन द्यायचा विचार करा असंच आहे. डायलिसिस लागलं की तर वाढवावंच लागतं. आणि ईजीएफआर ज्यावरून काढतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; स्नायू झडले की तेही कमी दिसतं, रिपोर्ट उगाच बरा वाटतो. आईचं सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी, केलं तेव्हा हे कळलं.

पाणकळा: आवाज चढवू नका, आईवडील मीही सांभाळलेत. डाळीचं मान्य. शहाळ्याचं नाही. आणि बीपीसाठी म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणता ना, त्यातल्या बऱ्याच पाकिटांत पोटॅशियम क्लोराइड असतं. वडिलांच्या भाजीत तेच पडत होतं. वाण्याकडून आणताना आम्हाला कुणी सांगितलं नाही.

घाटमाथा: मिठाचं मला माहीत नव्हतं. आज डबा बघतो.

वरणभात: नाना कुठे गेले? गुडघ्यांसाठी काही घेता का?

निवांत_नाना: इथेच आहे, वाचतोय. घेतो. चालून आलं की डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, आठवड्यातून तीन-चारदा. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही.

वरणभात: नाना! सासऱ्यांचीही तीच गोळी होती. ती किडनीला बाधू शकते, आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

निवांत_नाना: बरं. ‘तपासण्या करूच नयेत’ एवढं मागे घेतो. ‘आजार’ हा शब्द मला अजूनही पटलेला नाही, त्यावर वाद घालायला मी तयार आहे. लघवी सकाळची पहिलीच लागते का?

वरणभात: पहिली असली तर उत्तम. आदल्या दिवशी फार दमणूक करू नका.