मदत हवी आहे: संकेतस्थळावर भारतीय प्रमाणवेळ सेकंदाबरहुकूम कशी दाखवावी?

शर्वरी_नाशिक
शिबिराच्या नोंदणीचं पान आहे. नोंदणी बरोबर सकाळी १० ला उघडते, म्हणून वर चालतं घड्याळ हवंय. सध्याचं घड्याळ उघडणाऱ्याच्या फोनची वेळ दाखवतं. त्यामुळे कोणाला मिनिटभर पुढे दिसतं, कोणाला मागे, आणि दुबईहून पाहणाऱ्याला दीड तास मागे. जावास्क्रिप्टमधून एनटीपी सर्व्हरला (नेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरला) थेट विचारता येईल का? होस्टिंग शेअर्ड आहे, पीएचपी चालतं, रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नाही.

टिकटिक
थेट नाही विचारता येणार. एनटीपी यूडीपीच्या (नेटवर सुटी पॅकेटं पाठवायच्या पद्धतीच्या) १२३ नंबरच्या पोर्टवर चालतं आणि ब्राउझर पानातल्या स्क्रिप्टला कच्चं यूडीपी पाठवू देत नाही. वेळ आधी तुमच्या सर्व्हरवर बरोबर हवी आणि तिथून ती ब्राउझरला द्यायची.

एक छोटी पीएचपी फाइल करा. तिने फक्त मायक्रोटाइम (पीएचपीचं सर्व्हरची वेळ देणारं फंक्शन) घेऊन मिलिसेकंदांत एक आकडा छापायचा, बाकी काही नाही. वर्डप्रेस असेल तर ते त्या फाइलमध्ये लोड करू नका. वर्डप्रेस उठायला ३०० मिलिसेकंद लागले आणि त्यानंतर वेळ घेतली, तर खालच्या हिशोबात घड्याळ १५० मिलिसेकंद पुढे जातं. हेडरमध्ये कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर हवंच. नाहीतर मधला सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाटणारे सर्व्हर) सगळ्यांना तीच शिळी वेळ वाटत बसेल.

ब्राउझरमध्ये विनंती पाठवताना आणि उत्तर आल्यावर परफॉर्मन्स डॉट नाऊ (पान उघडल्यापासूनचे मिलिसेकंद) नोंदवा. समजा पाठवताना १२०० होतं आणि उत्तर आलं तेव्हा १३८०. जाऊन-येऊन १८० मिलिसेकंद, त्यातले निम्मे, म्हणजे ९०, परतीचे धरायचे. मग कुठल्याही क्षणी

वेळ = सर्व्हरचा आकडा + ९० + (आत्ताचं परफॉर्मन्स डॉट नाऊ − १३८०)

चूक झालीच तर जास्तीत जास्त ९० मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे. पहिल्या विनंतीत डीएनएस (सर्व्हरचा पत्ता शोधणं) आणि टीएलएसचाही (सुरक्षित जोडणी करण्याचाही) वेळ जातो, म्हणून पाच विनंत्या पाठवा आणि जिचा फेरा सर्वांत लहान तीच धरा. सरासरी काढू नका. एकच रखडलेली विनंती ती बिघडवते.

डेट डॉट नाऊ (फोनच्या घड्याळाची वेळ) इथे मुद्दाम टाळलंय. फोनने मध्येच स्वतःची वेळ दुरुस्त केली की ते उडी मारतं. परफॉर्मन्स डॉट नाऊ तसं मारत नाही.

शर्वरी_नाशिक
हे कळलं. पण आमच्या सर्व्हरचीच वेळ बरोबर आहे हे कसं पाहू?

कळसूबाई
शेअर्ड होस्टिंगवर सर्व्हरचं घड्याळ तुमच्या हातात नसतं, पण फरक मोजता येतो. पीएचपीतून यूडीपी सॉकेट उघडा आणि ४८ बाइटचं पॅकेट पाठवा. पहिला बाइट ३५, म्हणजे आवृत्ती ४ आणि क्लायंट मोड. बाकी सगळे शून्य. उत्तरात शून्यापासून मोजून ४० ते ४३ बाइटमध्ये सेकंद असतात आणि पुढच्या चारमध्ये अपूर्णांक, त्याला २ च्या ३२ व्या घाताने भागायचं. एनटीपी १ जानेवारी १९०० पासून मोजतं आणि पीएचपी १९७० पासून, म्हणून सेकंदांतून २२०८९८८८०० वजा करा. इथेही फेऱ्याचा अर्धा वेळ मिळवायचा. जो फरक येईल तो एका फाइलीत ठेवा आणि वरच्या आकड्यात मिळवा.

हे क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) दर १५ मिनिटांनी करा, दर वाचकामागे कधीच नको. सार्वजनिक सर्व्हर अति विचारणाऱ्याला गप्प करतात, आणि ते रास्तच आहे.

स्रोत म्हणून टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी वापरा. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचाच आहे तो. जोडीला इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी ठेवा. उत्तरच येत नसेल तर होस्टने बाहेर जाणारं यूडीपी अडवलेलं असण्याची शक्यता जास्त, त्यांना विचारा.

पुढे व्हीपीएस (पूर्ण ताबा असलेला स्वतःचा आभासी सर्व्हर) घेतलात तर हा खटाटोप उरत नाही. क्रोनी (सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी जुळवत राहणारा प्रोग्राम) बसवा आणि निदान चार स्रोत द्या. दोनच दिले आणि त्यांचं जुळलं नाही, तर खोटा कोण हे त्याला ठरवता येत नाही. क्रोनीसीला (क्रोनीच्या कमांडला) ट्रॅकिंग विचारलं की ‘सिस्टिम टाइम’च्या ओळीत चालू फरक दिसतो.

टिकटिक
दाखवताना साडेपाच तास हाताने मिळवू नका. तसं केलं आणि मग गेटअवर्स वापरलं, तर भारतातला ब्राउझर स्वतःचे साडेपाच पुन्हा मिळवतो आणि घड्याळ खऱ्या भारतीय वेळेच्या साडेपाच तास पुढे जातं. इंटल डॉट डेटटाइमफॉरमॅटला (ब्राउझरच्या वेळ मांडून देणाऱ्या सोयीला) टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ द्या, मग दुबईतही भारतीय वेळच दिसेल. लोकॅल (भाषेची निवड) मराठी ठेवलं तर आकडे आपोआप देवनागरीत येतात. २४ तासांची पद्धत हवी असेल तर अवरसायकल ‘एच२३’ द्या, म्हणजे मध्यरात्री २४:०० असं दिसणार नाही.

दर सेकंदाला एक मिळवत जाऊ नका. मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मंदावतो आणि तेवढे सेकंद गळतात. प्रत्येक वेळी वरच्या सूत्रातून वेळ काढा आणि पुढचा सेकंद लागायला जितके मिलिसेकंद उरले असतील तितक्याचाच टाइमआउट लावा. काही ब्राउझरांत यंत्र झोपलं की परफॉर्मन्स डॉट नाऊसुद्धा थांबतं, म्हणून टॅब परत समोर आली की व्हिजिबिलिटीचेंजवर (टॅब दिसू लागल्याची सूचना) सर्व्हरला नव्याने विचारा.

शर्वरी_नाशिक
आणि १० वाजता बटण उघडायचं तेही याच घड्याळावर?

कळसूबाई
बटण दिसायला खुशाल याच घड्याळावर उघडा. पण नोंदणी स्वीकारायची की नाही हे फॉर्म सर्व्हरवर पोचल्यावर, तिथल्या दुरुस्त वेळेवरच ठरवा. ब्राउझरमधली वेळ कन्सोल (ब्राउझरमधली कोड चालवायची खिडकी) उघडून कोणीही बदलू शकतं. आणि पाव सेकंद आधी पोचलेल्याला नुसती चूक दाखवून परत पाठवू नका. भरलेला फॉर्म तसाच ठेवून पुन्हा पाठवता येईल असं करा.