पीएच.डी.चे तिसरे वर्ष: इंटर्नशिप, पुरस्कार आणि परिषदा यांपैकी कशाला किती वेळ द्यावा?

प्रश्न: डिचोलीची संशोधक

सर्वांना नमस्कार. मी गोव्यात समाजशास्त्रात पीएच.डी. करीत असून हे माझे तिसरे वर्ष आहे. खाणबंदीनंतर डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील ट्रकमालक कुटुंबांच्या जगण्यात काय बदल झाले, हा माझा विषय आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले तेव्हा मी नववीत होते. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, तेव्हा आमच्याच वाड्यावर कितीतरी अंगणांत ट्रक ताडपत्रीखाली उभे होते. त्यामुळे हा विषय मला शोधत जावे लागले नाही. आतापर्यंत साठ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या असून दोन प्रकरणांचे कच्चे लेखन हाती आहे.

माझी अडचण अशी की, दिल्लीतील एका संस्थेत तीन महिन्यांची बिनमानधनी इंटर्नशिप मिळण्याची शक्यता आहे, एका निबंध-पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवण्याचा विचार आहे आणि येत्या हंगामात दोन परिषदांना गोषवारा पाठवावा असेही मनात आहे. मार्गदर्शक बाईंचे मत स्पष्ट आहे: आधी प्रबंध, मग बाकीचे. सोबतचे विद्यार्थी मात्र सांगतात की नुसत्या प्रबंधावर पुढे कोणी विचारत नाही. दोन्ही बाजूंत मला तथ्य दिसते. शिवाय मुलाखती कोकणीत आणि थोड्या मराठीत झालेल्या आहेत, लेखन इंग्रजीत चालले आहे, आणि मराठीतून एखादा निबंध वाचला तर त्याला काही किंमत असते का, हेही मला कळत नाही. ज्यांनी हा काळ अनुभवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: केपेतील अध्यापक

तुमच्या मार्गदर्शक बाई आणि तुमचे सहाध्यायी यांच्यात मला खरा विरोध दिसत नाही. संधी कितीही मोठ्या नावाची असली तरी तिच्यामुळे प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणात काय भर पडणार, याचे उत्तर एका वाक्यात देता आले तर ती घ्यावी आणि देता आले नाही तर सोडून द्यावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

इंटर्नशिपबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिच्याविषयी आहेत. नीती आयोगाची इंटर्नशिप संशोधक विद्यार्थ्यांनाही खुली असते. तिचे अर्ज दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान भरता येतात, मुदत किमान सहा आठवडे आणि कमाल सहा महिने असते आणि मानधन मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिपलाही मानधन नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना मात्र निर्वाहभत्ता देते. अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा दहा ते बारा आठवड्यांचा सवेतन कार्यक्रम आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. दिल्लीत तीन महिने स्वतःच्या खर्चाने राहायचे तर खोली, जेवण आणि प्रवास यांत तुमच्या शिष्यवृत्तीतले फारसे काही उरणार नाही. शिवाय बहुतेक शिष्यवृत्त्यांना दुसरे पगारी काम न करण्याची अट असते, म्हणून बिनमानधनी असली तरी मार्गदर्शकांची आणि विद्यापीठाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय निघू नये.

मी स्वतः तिसऱ्या वर्षी एका मोठ्या शहरातील संस्थेत दोन महिने गेलो होतो. तिथे मला दुसऱ्यांच्या अहवालांची मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले आणि परत आलो तेव्हा माझ्या क्षेत्रकार्याचा हंगाम निघून गेला होता. तुमच्या विषयात तर ऋतू फार महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात खनिज वाहतूक बंद असते, ट्रकवाले घरी असतात आणि बोलायला त्यांना सवड असते. आता खाणपट्ट्यांच्या लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत, त्यामुळे हिवाळ्यात तेच लोक तुम्हाला पहाटेपासून रात्रीपर्यंत भेटणार नाहीत. जून ते सप्टेंबर हा काळ कोणत्याही इंटर्नशिपला देऊ नका, एवढे मी आग्रहाने सांगेन.

ज्या इंटर्नशिपची जाहिरात येत नाही ती तुमच्या जास्त उपयोगाची आहे. खाण व खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणकामाची झळ बसलेल्या लोकांसाठी निधी खर्च करणारी संस्था, स्थापन करणे बंधनकारक झाले. तुमचे दोन्ही तालुके उत्तर गोव्यात येतात. तेथील प्रतिष्ठानाचा निधी कोणत्या पंचायतीत, कशावर खर्च झाला आणि ज्यांचे ट्रक उभे राहिले त्यांच्यापर्यंत त्यातले काय पोहोचले, हे समजून घ्यायचे असेल तर कार्यालयात बसून फायली पाहण्याला पर्याय नाही. मार्गदर्शकांच्या पत्रासह एक पानी टिपण घेऊन जा, त्यात तुम्ही त्यांच्यासाठी काय करून देणार तेही लिहा, उदाहरणार्थ गावनिहाय कामांची नीट लावलेली यादी. दीड-दोन महिने आठवड्यातून तीन दिवस असे काम केले तर प्रकरणही उभे राहील आणि प्रमाणपत्रही मिळेल. पणजी तुम्हाला रोज जाऊन-येऊन करता येते, हा लाभ लहान नाही.

मुदतीचेही भान ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे आहे. स्त्रियांना त्यात दोन वर्षांची अधिक सवलत मिळू शकते, पण ती गृहीत धरून आखणी करू नये. त्याच नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली, त्यामुळे घाईघाईने कुठेतरी छापून आणण्याचे ओझे तरी तुमच्या पिढीवर नाही.

उत्तर: पर्वरीची वाचक

माझा विषय इतिहास आहे, म्हणून पुरस्काराविषयी लिहिण्याआधी एक गोष्ट सुचवते. ट्रकमालकांची कथा २०१२ पासून सुरू होत नाही. गोव्यातील खाणींचे परवाने पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या वसाहती खाण कायद्याखाली दिले गेले होते आणि १९८७ च्या कायद्याने ते रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. ही साखळी तुमच्या प्रस्तावनेत आली तर प्रबंधाला वजन येईल. त्यासाठी पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, आणि पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी सरकारी राजपत्रे पाहावी लागतील. ती पोर्तुगीज भाषेत आहेत. भाषा येत नसेल तर एका वर्षाचा प्राथमिक वर्ग लावा; एखाद्या झगमगीत कार्यशाळेपेक्षा तो तुम्हाला जन्मभर उपयोगी पडेल.

आता पुरस्कार. पुरस्कारासाठी वेगळे लिखाण करू नये; जे प्रकरण तयार आहे तेच आवरून पाठवावे. आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटना तरुण समाजशास्त्रज्ञांसाठी जागतिक निबंध-स्पर्धा घेते. ती संघटनेच्या चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक अधिवेशनाशी जोडलेली असते (२०२३ चे अधिवेशन मेलबर्नला झाले) आणि निवडलेल्यांना चर्चासत्रासाठी बोलावतात. या संघटनेचे सभासद शुल्क देशांच्या उत्पन्नानुसार वेगवेगळे असते, त्यामुळे भारतातील विद्यार्थ्याला ते युरोपातल्या विद्यार्थ्याइतके भरावे लागत नाही. आपल्याकडे भारतीय समाजशास्त्र परिषदेचा एम. एन. श्रीनिवास यांच्या नावाचा तरुण अभ्यासकांसाठीचा पुरस्कार आहे. एक्झिम बँकेचा १९८९ पासून चालत आलेला पुरस्कार पूर्ण झालेल्या प्रबंधाला मिळतो, पण तो आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र, व्यापार आणि विकास यांपुरता आहे. अर्थशास्त्रातल्या मैत्रिणींना तो अवश्य सांगा.

एक सावधगिरीचा शब्द. ‘सर्वोत्कृष्ट शोधनिबंध पुरस्कार’ या नावाने गोव्यातील किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत ज्या परिषदा भरतात, त्यांतल्या काहींचा मला वाईट अनुभव आला आहे. अशाच एका ठिकाणी मी नऊ हजार रुपये नोंदणी शुल्क भरले. माझ्या सत्रात चौदा निबंध होते, प्रत्येकाला सहा मिनिटे मिळाली, एकही प्रश्न विचारला गेला नाही आणि संध्याकाळी त्या चौदांपैकी अकरा जणांना पुरस्कार दिले गेले. त्या दिवशी बसने घरी परतताना मला फार वाईट वाटले, कारण ते पैसे माझ्या आईने दिले होते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, पुरातत्त्व आणि व्यवस्थापन या सर्वांचे निबंध एकाच परिषदेत मागवले असतील आणि गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकृतीपत्र येत असेल, तर तिथे जाऊ नये.

उत्तर: म्हापशाचा विद्यार्थी

मराठीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. मी राज्यशास्त्रात चौथ्या वर्षाला आहे. माझा पहिला निबंध मी महाराष्ट्रातील एका विषय-परिषदेच्या वार्षिक अधिवेशनात मराठीतून वाचला. मराठी समाजशास्त्र परिषद आणि मराठी अर्थशास्त्र परिषद यांची अधिवेशने अशीच मराठीतून चालतात. तालुक्याच्या महाविद्यालयांतून आलेले जे अध्यापक तिथे होते त्यांनी मला वीस मिनिटे प्रश्न विचारले, आणि त्यांतील दोन प्रश्नांमुळे माझ्या तिसऱ्या प्रकरणाची मांडणी बदलली. इंग्रजीत ‘आजीविका’ या अर्थाचा शब्द वापरून मी जे झाकून टाकत होतो, ते मराठीत ‘पोट कशावर चालते’ असे विचारताच उघडे पडले. समाज प्रबोधन पत्रिकेसारखे गंभीर मराठी नियतकालिकही आहे. निवड समित्या मराठी लेखाला इंग्रजी लेखाइतके महत्त्व देतीलच असे मी सांगणार नाही, कारण ते खरे होणार नाही. पण तुमच्या साठ कुटुंबांपैकी कोणी तुमचे लेखन वाचणार असेल तर ते याच भाषेत, किंवा कोकणीत.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत विद्यानगरी परिसरात आहे आणि गोवा त्याच्या कक्षेत येतो. याच परिषदेच्या अर्थसाहाय्याने निरनिराळ्या विद्यापीठांत दहा दिवसांचे संशोधनपद्धतीचे वर्ग भरतात. मी एकाला गेलो होतो. व्याख्याने बरीवाईट होती, पण तिथे भेटलेले चार जण आजही एकमेकांची प्रकरणे वाचतात. पणजीत २००८ पासून होणाऱ्या दामोदर कोसंबी विचार महोत्सवाला मी जमेल तेव्हा जातो. तिथे निबंध वाचायचा नसतो, ऐकायचे असते, आणि तेही कधीकधी पुरेसे असते.

डिचोलीची संशोधक (पुन्हा)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मनापासून आभार. मार्गदर्शक बाईंशी आज सविस्तर बोलले. दिल्लीच्या संस्थेला नम्रपणे नकार कळवते आहे. जून ते सप्टेंबर उरलेल्या मुलाखती घ्यायच्या, ऑक्टोबरपासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात काम मिळते का ते पाहायचे आणि कर्जाविषयीचे दुसरे प्रकरण मराठीत आणून एका अधिवेशनाला पाठवायचे, असे ठरले. पोर्तुगीजच्या वर्गाचीही चौकशी केली. एकच शंका राहिली: प्रतिष्ठानाने उत्तरच दिले नाही तर काय करावे?

उत्तर: केपेतील अध्यापक

पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तीन आठवडे थांबून स्वतः भेटायला जा. बहुतेक वेळा काम भेटीनेच होते. तरीही जमले नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा, ज्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र ‘सर्व खर्चाची माहिती’ असे मोघम मागू नका. दोन्ही तालुक्यांतील पंचायतींची नावे, वर्षे आणि कामांचा प्रकार लिहून मागा. मंजूर झालेली कामे आणि पूर्ण झालेली कामे यांच्या याद्या वेगवेगळ्या मागा, कारण तुमच्या वाड्यावरच्या लोकांना जे विचारायचे आहे ते या दोन याद्यांमधल्या फरकातच सापडण्याचा संभव आहे. अर्जाचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून देईन.