प्रतिसाद: तिशीनंतरचा बचावपटू

वर एका सदस्याने म्हटले आहे की फुटबॉलमधला बचावपटू तिशीला पोचला की त्याची उतरण सुरू होते. बाजूने धावणाऱ्या बचावपटूंबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण त्यांचे निम्मे काम वेगाचे असते. परंतु मध्यबचावात उभा राहणारा खेळाडू वेगापेक्षा जागेच्या अंदाजावर जगतो, आणि हा अंदाज वयाबरोबर पक्का होत जातो.

यासाठी चाळिशीपर्यंत खेळलेल्या इटलीच्या बचावपटू मालदिनीपर्यंत जाण्याची गरज नाही, आपल्या पुण्यातील बालेवाडीच्या मैदानावरचेच उदाहरण आहे. केरळचा अनस एडाथोडिका 2011 पासून चार हंगाम पुणे एफसी या क्लबकडून खेळला. त्या काळी तुरळक प्रेक्षकांत बसून मी त्याला पाहत असे. तो क्वचितच घसरून चेंडू काढी. प्रतिस्पर्ध्याने चेंडू पुढे टाकण्याआधीच दोन पावले सरकून वाट अडवलेली असे. (टाळ्या मात्र गोल करणाऱ्यालाच!) पुढे दिल्ली डायनामोज क्लबमध्ये त्याला ब्राझीलचा नामवंत माजी बचावपटू रॉबेर्तो कार्लोसचे मार्गदर्शन लाभले, आणि भारतीय संघातील पदार्पण झाले ते मार्च 2017 मध्ये, कंबोडियाविरुद्ध, वयाच्या तिसाव्या वर्षी. म्हणजे ज्या वयात उतरण मानली जाते, तिथे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली. जानेवारी 2019 मध्ये आशिया चषकातील बहारीनविरुद्धच्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच दुखापतीने त्याला मैदान सोडावे लागले आणि लगेच त्याने निवृत्ती जाहीर केली, तरी त्याच वर्षी तो पुन्हा संघात परतला. माझ्या मते त्याला अडवले ते दुखापतींनी, वयाने नव्हे.