प्रिंट काळपट येतायत, स्क्रीनवर सगळं ठीक दिसतंय. मदत हवी आहे

नाशिककर_फोटो: लग्नाचा अल्बम शुक्रवारी द्यायचाय. काल लॅबमधून नमुना प्रिंट आले, सगळे काळपट. नवरीचा हिरवा शालू पार मळकट दिसतोय. माझ्याकडे एकदम लख्ख दिसतं. मॉनिटर कॅलिब्रेट कसा करायचा? लवकर सांगा.

रंगखुणा: मॉनिटर कुठला? ब्राइटनेस किती? फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये (फाइलमधल्या रंगांचा पल्ला) पाठवली?

नाशिककर_फोटो: २४ इंची आयपीएस. ब्राइटनेस आला तसाच आहे, १००. कलर स्पेस बघून सांगतो.

रंगखुणा: १०० वर साधा मॉनिटरही २५० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास जातो. प्रिंटच्या कामाला ८० ते १२० निट्स पुरे. पडदा प्रखर असला की आपण फोटो नकळत काळे करत जातो. नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) चालू असेल तर तोही बंद करा.

आरजीबी_काका: अंदाजाने काही होत नाही. स्पायडर (पडद्यावर लावून रंग मोजायचं यंत्र) घ्या, त्यासोबत चालणारं डिस्प्लेकॅल सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पांढरा रंग ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२ ठेवा. आधी अर्धा तास मॉनिटर तापू द्या.

मावळा७१: काका, शुक्रवारी अल्बम आहे, यंत्र येणार कधी? पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि ब्राइटनेस तेवढ्यावर उतरवा.

आरजीबी_काका: डोळा कुठल्याही पांढऱ्याला सरावतो, म्हणून तर यंत्र लागतं.

क्लिक_क्लिक: ८५ एमएम लेन्स वापरून बघा, स्किन टोन फार सुंदर येतो.

मावळा७१: अहो, प्रिंटचं चाललंय.

नाशिककर_फोटो: फाइल अ‍ॅडोबी आरजीबी निघाली. मोठी स्पेस म्हणून तीच ठेवली होती.

रंगखुणा: मग शालू त्यानेच मळला. बऱ्याच लॅब एसआरजीबी धरून छापतात, त्यात अ‍ॅडोबीची फाइल फिकी पडते आणि हिरव्याला सगळ्यात जास्त फटका बसतो. फोटोशॉपमध्ये एसआरजीबी निवडून ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ करा, ‘असाइन’ करू नका, त्याने दिसणारे रंगच बदलतात. लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मिळालं तर सॉफ्ट प्रूफही, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच, बघता येईल.

नाशिककर_फोटो: ब्राइटनेस ३० वर आणला. कालचा प्रिंट खिडकीशी नेऊन बघितला, आता स्क्रीनवरही तेवढाच काळा दिसतोय! पण ६०० फोटो एकेक करून उजळू का?

मावळा७१: लाइटरूममध्ये एक फोटो उजळा, मग सगळे निवडून त्याचीच सेटिंग सिंक करा.

रंगखुणा: नको, सिंकने सगळ्यांना एकच एक्सपोजर बसेल. लायब्ररीत क्विक डेव्हलप वापरा, त्यात प्रत्येक फोटो आहे तिथून वर सरकतो. एका टिचकीला एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आज चारच फोटो छापून आणा, त्यात शालूचा एक हवाच.